तात्यानाचं बैरंग पत्र आणि आमचा कूलर

नागपुरात बर्डीवरच्या एका दुकानातून ही डीव्हीडी मी अडीचशे रुपयांत आणली. दुकानदार म्हणाला, "घेऊन जा काका, रशियन पिक्चर आहे, एकदम लव्ह ष्टोरी." पिक्चर नव्हताच तो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात २००७ च्या फेब्रुवारीत झालेला 'येवगेनी ओनेगिन'चा प्रयोग होता, भरल्या थिएटरात चालू असताना चित्रित केलेला. संगीत चायकॉव्स्कीचं, मूळ काव्य पुश्किनचं. मी काय घेतोय ते मला ठाऊक होतं, तो काय विकतोय ते त्याला ठाऊक नव्हतं. त्यामुळे सौदा आपल्याच बाजूनं झाला असं मला दीड दिवस वाटत होतं.

आधी माझी लायकी सांगून टाकतो. मी छत्तीस वर्षं रेल्वे डाक सेवेत काढली. पोस्टमन नव्हे, सॉर्टर. रात्रभर धडधडणाऱ्या टपालाच्या डब्यात उभं राहून पत्रं खणांत टाकायची, बंडल बांधायचं, पोत्याला लेबल लावायचं आणि पहाटे डोळे चोळत उतरायचं, हे काम. ऑपेरातलं शास्त्र मला कळत नाही. तरुणपणी धनवटे रंगमंदिरात पाहिलेली संगीत नाटकं आणि ऐंशीच्या दशकात कवडीमोलानं मिळणाऱ्या सोव्हिएत पुस्तकांतून उचललेला पुश्किनचा इंग्रजी अनुवाद, एवढीच माझी पुंजी. पण पत्रातलं मला कळतं. आणि या ऑपेराचा सगळा डोलारा एका पत्रावर उभा आहे.

गोष्ट थोडक्यात अशी. खेड्यातल्या जमीनदारीणबाईच्या दोन मुली, तात्याना आणि ओल्गा. ओल्गाचा प्रियकर लेन्स्की कवी. तो एक दिवस पीटर्सबर्गहून आलेल्या आपल्या मित्राला, ओनेगिनला, घरी घेऊन येतो. पुस्तकांत बुडालेली तात्याना त्याला पाहते आणि त्याच रात्री पत्र लिहून मन मोकळं करते. तो तिला उपदेश करून वाटेला लावतो. पुढे एका नाचाच्या समारंभात दोघा मित्रांचं क्षुल्लक कारणावरून बिनसतं, द्वंद्वयुद्ध होतं, लेन्स्की मरतो. काही वर्षांनी ओनेगिन राजधानीत परत येतो, तेव्हा तात्याना प्रिन्स ग्रेमिनची बायको झालेली असते. आता मन मोकळं करायची पाळी त्याची.

आमच्या घरी हे पाहायला तिघं होतो: मी, ही आणि आई. आई सत्त्याऐंशीची, सेलूकडच्या खेड्यातली. तिला इंग्रजी येत नाही आणि या डीव्हीडीवर मराठी सोडा, हिंदी सबटायटल्सही नाहीत. त्यामुळे पडद्यावरची इंग्रजी ओळ वाचायची, तिचं मराठी करायचं आणि ते मोठ्यानं म्हणायचं, हे काम माझ्याकडे आलं. तोवर पडद्यावरचा गवई पुढच्या ओळीला गेलेला. अडीच तास मी सगळ्यांच्या एक पाऊल मागे होतो.

त्यात मे महिना. नागपुरात मे महिन्यात काही पाहायचं-ऐकायचं म्हणजे कूलरच्या साक्षीनं. आमचा कूलर जुना, लोखंडी पत्र्याचा. चालू केला की पंखा, पंप आणि सैल झालेली जाळी असे तिघं मिळून गातात. ऑपेराच्या सुरुवातीला व्हायोलिनं अगदी हळू एक खाली उतरणारी सुरावट वाजवतात. ती मी पहिल्यांदा ऐकलीच नाही. मला वाटलं आवाज बंद आहे.

पहिल्या प्रवेशात त्या मुलींची आई लारिना आणि म्हातारी दाई फिलिपेव्हना बोलत असतात. संहितेप्रमाणे त्या दोघी अंगणात मुरंबा शिजवतायत. आतून दोन्ही मुलींचं गाणं ऐकू येतं आणि बाहेर या दोघी त्या गाण्यावरून आपल्या तरुणपणाच्या गोष्टी काढतात. म्हणजे दोन गाणी एकाच वेळी. चौघींचे चार सूर, पण धागा गुंतत नाही. लारिना म्हणते, मला दुसराच कोणी आवडत होता, लग्न भलत्याशी झालं, आधी रडले, मग घरच्या कामात मन रमलं. आणि मग ती पुश्किनची ओळ येते: सवय ही वरून मिळालेली देणगी आहे, सुखाच्या बदल्यात. मी ती मराठीत म्हटली. हिनं लसूण सोलता सोलता एकदा माझ्याकडे पाहिलं आणि परत लसणाकडे. मी पुढची ओळ वाचायला घेतली.

मग कापणी आटोपून शेतकरी येतात आणि गातात. आई म्हणाली, "हे आपल्या भलरीसारखंच आहे." आहेच. एक जण सुरुवात करतो, बाकीचे उचलतात.

रंगमंचाबद्दल तक्रार करायचं मी ठरवून बसलो होतो. रशियन ऑपेरा म्हटल्यावर झुंबरं, खांब, बर्फ, घोडागाडी असलं काही डोळ्यांपुढे येतं. इथे दिग्दर्शक रॉबर्ट कार्सन यानं यांतलं काहीच ठेवलेलं नाही. तीन बाजूंनी सपाट भिंती, मध्ये रिकामी जागा आणि तिच्यावर वाळलेल्या पानांचा सडा. ना घर, ना दार. हिनं विचारलं, "एवढं मोठं थिएटर आणि सामानाला पैसे नव्हते का?" पहिली पंधरा मिनिटं मलाही तेच वाटलं. नंतर लक्षात आलं की बघायला दुसरं काहीच नसल्यामुळे आपण माणसांकडेच बघतो. कुणी दोन पावलं मागे सरकलं तरी ते दिसतं. आणि रंग बदलतो तो फक्त उजेडाचा: दुपारचा पिवळा, रात्रीचा निळा, पहाटेचा राखाडी.

ओनेगिनच्या कामात दमित्री ह्वोरोस्तोव्हस्की. हा सायबेरियातल्या क्रास्नोयार्स्कचा, जन्म १९६२ चा. १९८९ मध्ये कार्डिफची जागतिक गायन स्पर्धा जिंकली आणि नाव झालं. केस तरुणपणीच पांढरेशुभ्र झालेले आणि ते त्यानं तसेच राहू दिलेले. ओनेगिन तिसऱ्या अंकात स्वतःच्या तोंडानं आपलं वय सव्वीस सांगतो. ही म्हणाली, "हा तर त्या पोरीचा काका वाटतो." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तात्याना झालेली रेने फ्लेमिंग प्रयोगाच्या वेळी अठ्ठेचाळीस वर्षांची आणि कॅमेरा इतका जवळ जातो की गालावरचा घाम दिसतो. थिएटरच्या शेवटच्या रांगेतल्या माणसाला हे कधीच दिसलं नसतं. पण आपण कुठले लोक आहोत? पन्नाशी उलटलेल्या बालगंधर्वांना नवयौवना नायिका म्हणून डोळे भरून पाहणाऱ्यांची नातवंडं. दहा मिनिटांत वयाची गोष्ट विसरली. ओनेगिनचे पांढरे केस तर पुढे उपयोगीच पडले, कारण हा माणूस सुरुवातीपासूनच आतून म्हातारा आहे.

आता दुसरा प्रवेश, ज्याच्यासाठी ही डीव्हीडी घ्यावी. रात्र. तात्यानाला झोप येत नाही. ती दाईला विचारते, तू कधी प्रेम केलं होतंस का गं? दाई म्हणते, आमच्या काळी असलं काही नव्हतं बाई, नुसतं नाव काढलं असतं तरी सासूनं मला या जगातून घालवलं असतं. मग लग्न कसं झालं? देवाच्या मर्जीनं. माझा वान्या माझ्याहूनही लहान होता आणि मला तेरा वर्षं झाली होती.

हे मी वाचलं आणि आई एकदम सरळ बसली.

"मले बी तेरावंच होतं," ती म्हणाली. "त्यायले मी पाह्यलं बी नव्हतं. मांडवात पायच दिसले."

वडील जाऊन एकवीस वर्षं झाली. त्यांचे पाय आईनं चेहऱ्याआधी पाहिले हे मला छासष्टाव्या वर्षी कळलं, ते एका रशियन दाईमुळे. मी पुढचं भाषांतर विसरलो. ही म्हणाली, "अहो, वाचा ना, ती काही तरी म्हणतेय." ती दाईला म्हणत होती, जा, मला एकटीला राहू दे, कागद-लेखणी दे.

इथे मी उठून कूलर बंद केला. बेचाळीस-त्रेचाळीसचा उन्हाळा, पण पुढची बारा-तेरा मिनिटं कूलरमध्ये घालवायची नव्हती. फ्लेमिंग एकटी. ती लिहिते, थांबते, खोडते, परत लिहिते. यात चायकॉव्स्कीनं केलेली करामत मला सॉर्टर म्हणून फार आवडली. ती प्रत्यक्ष लिहीत असते तेव्हा गात नाही, वाद्यंच लिहितात. ओबो या फुंकायच्या वाद्याची एक छोटी सुरावट परत परत येते, खाली व्हायोलिनं धडधडत असतात. पेनाची निब कागदावर चालते आणि छाती उडते, दोन्ही ऐकू येतं. मग ती लिहिलेलं गाते. मग परत निब. मध्येच ती विचारते: तू कोण आहेस, माझा रक्षण करणारा देवदूत की भुलवणारा लबाड? ती ओळ ती ओरडून म्हणत नाही. उत्तर आधीच माहीत असल्यासारखी हळू म्हणते. शेवटी पहाट होते, गुराख्याची पावरी वाजते आणि पत्र दाईच्या नातवाबरोबर रवाना होतं.

न्यूयॉर्कच्या प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या, त्या डीव्हीडीत तशाच ठेवल्यात. आईनंही वाजवल्या. "पोरीनं लिहिलं चांगलं," म्हणाली, "पण पाठवाले नव्हतं पाहिजे."

पुश्किनच्या काव्यात या पत्राबद्दल एक गंमत आहे, ती ऑपेरात नाही. तात्यानाला रशियन नीट लिहिता येत नाही, म्हणून ती प्रेमपत्र फ्रेंचमध्ये लिहिते. मोठ्या घरच्या मुलींची फ्रेंचशिवाय सोय नव्हती. धरमपेठेतल्या ज्या नाती आजीला मराठीत चार ओळी लिहू शकत नाहीत, त्यांना हे सांगितलं तर त्या तात्यानाला लगेच मैत्रीण मानतील.

आमच्या खात्यात तिकीट न लावता पेटीत टाकलेल्या पत्राला बैरंग म्हणतात. ते फेकत नाहीत. पोहोचवतात, आणि घेणाऱ्याकडून दुप्पट पैसे वसूल करतात. नको असेल तर तो नाकारू शकतो. मग पत्र 'घेण्यास नकार' असा शेरा घेऊन परत जातं. तात्यानाच्या काळात तिकीटच नव्हतं. जगातलं पहिलं टपाल तिकीट १८४० मध्ये इंग्लंडात निघालं. पुश्किन त्याच्या तीन वर्षं आधी गेला, तोही द्वंद्वयुद्धातच, सदतिसाव्या वर्षी. तरी माझ्या हिशेबी तिचं पत्र बैरंगच. ओनेगिननं ते घेतलं, उघडलं, वाचलं आणि पैसे काही दिले नाहीत.

कारण तिसऱ्या प्रवेशात तो येऊन जे बोलतो ते उत्तर नव्हे, परिपत्रक आहे. तुम्ही मला लिहिलंत, नाकारू नका. तुमचा प्रामाणिकपणा मला आवडला. मी संसारासाठी जन्मलेलो नाही. स्वतःवर ताबा ठेवायला शिका, सगळेच माझ्यासारखे समजून घेतील असं नाही. असा एक वरिष्ठ मला नोकरीत भेटला होता. रजेचा अर्ज नामंजूर करताना तो असाच मऊ बोलायचा आणि बाहेर पडताना आपणच त्याचे आभार मानायचो. ह्वोरोस्तोव्हस्कीनं इथे एकही सूर चढवलेला नाही. लांबच लांब श्वास, एका ओळीतून दुसऱ्या ओळीत न तुटता जाणारा आवाज, आणि चेहरा सभ्य. खलनायकासारखा गायला असता तर तात्याना सुटली असती.

या ऑपेराच्या जन्माची कथाही पत्राचीच. १८७७ च्या मे महिन्यात लाव्रोव्हस्काया नावाच्या गायिकेनं चायकॉव्स्कीला हा विषय सुचवला. पत्राचा प्रवेश त्यानं आधी रचायला घेतला. आणि त्याच दिवसांत अन्तोनिना मिल्युकोव्हा नावाची त्याची एक जुनी विद्यार्थिनी त्याला प्रेमपत्रं लिहीत होती. ओनेगिन तात्यानाशी जसा वागला तसं आपण वागू नये, हे त्याच्या मनानं घेतलं आणि जुलैत त्यानं तिच्याशी लग्न केलं. ते काही आठवड्यांतच मोडकळीस आलं. तिला परिपत्रक पाठवलं असतं तर दोघंही वाचली असती. हे मी हिला सांगितलं तर ही म्हणाली, "गाणं लिहिणाऱ्यानं गाणं लिहावं."

रचना पूर्ण झाल्यावर त्याला भीती होती ती मोठ्या थिएटरच्या मोठ्या गवयांची. म्हणून त्यानं याला ऑपेरा न म्हणता 'गीतमय प्रसंग' म्हटलं आणि पहिला प्रयोग १८७९ च्या मार्चमध्ये मॉस्कोत संगीत विद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी केला. त्याच्या पुढच्याच वर्षी, १८८० मध्ये, पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं शाकुंतल रंगमंचावर आलं. दोघांना एकमेकांची खबर असायचं कारण नाही. पण घरातल्या माणसांनी आपल्याच भाषेतलं काव्य गावं, एवढीच दोन्हीकडची हौस.

दुसऱ्या अंकातल्या तात्यानाच्या नामदिनाच्या (तिच्या नावाच्या संताच्या दिवसाच्या) नाचाबद्दल फार लिहीत नाही. खुर्च्यांचा चौकोन मांडून त्याच्या आत एवढी माणसं नाचवली आहेत की लग्नाच्या हॉलमधली जेवणाची पंगत आठवते. त्रिके नावाचा एक फ्रेंच म्हातारा तात्यानावर कवन म्हणतो, ते गोड आहे. ओनेगिन कंटाळून ओल्गाशी नाचतो, लेन्स्कीचं टाळकं फिरतं, आव्हान दिलं जातं. भांडण कशावरून झालं हे आईला तीनदा सांगितलं तरी पटलं नाही. "नाचला तं नाचला," ती म्हणाली. बरोबर आहे.

मग लेन्स्कीचं पहाटेचं गाणं. मेक्सिकोचा रामोन वार्गास हे गातो. कुठे गेलात तुम्ही, माझ्या वसंतातल्या सोनेरी दिवसांनो. हे गाणं चांगला आवाज असलेला कुणीही छान म्हणेल. पण वार्गास गोलमटोल, साधा, शेजारच्या घरातला वाटतो आणि त्यामुळे मरायला निघालेला कवी न दिसता चुकून इथवर आलेला मुलगा दिसतो. ओनेगिन उशिरा येतो आणि साक्षीदार म्हणून चक्क आपल्या नोकराला आणतो. हा अपमान आपल्याला आज कळत नाही, पण चायकॉव्स्की त्यावर अडून बसत नाही.

तो अडतो ते पुढे. धुकं, दोघांच्या नुसत्या काळ्या आकृत्या, पाठी एकमेकांकडे. लेन्स्की गाऊ लागतो: शत्रू! किती दिवस झाले आपण शत्रू होऊन? ओनेगिन दोन ओळींनंतर तेच शब्द, तीच चाल उचलतो. कीर्तनात बुवांच्या मागून झीलकरी उचलतो तसंच. फरक एवढाच की झीलकरी बुवांना ऐकत असतो आणि हे दोघं एकमेकांना ऐकत नाहीत. दोघांच्या मनात एकच गोष्ट आहे: हसून टाकूया, हात पुढे करूया. दोघं एकाच वेळी ती म्हणत नाहीत, म्हणून ती कुणाला ऐकू जात नाही. आणि शेवटी जेव्हा पहिल्यांदा सूर जुळतो, तेव्हा दोघं मिळून काय म्हणतात? नेत. नाही. चार वेळा.

आमच्याकडे अकरा वेळा म्हणाले. पहिल्या सहा-सातांपर्यंत मला वाटलं ही रचनाच आहे. मग चित्र थरथरलं आणि थांबलं. धुक्यात दोन काळ्या आकृत्या, पिस्तूल अजून खालीच. तबकडी काढून पाहिली तर कडेला नखभर ओरखडा. मऊ कापडानं पुसली, हिच्या सल्ल्यानं टूथपेस्ट लावून पुसली, फुंकर मारली. काही नाही. ते दोघं जागचे हलले नाहीत.

"मेला का तो?" आईनं विचारलं.

"अजून नाही," मी म्हटलं.

"मंग राहू दे आज," ती म्हणाली आणि झोपायला गेली.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. तिथे मला सांगण्यात आलं की जुन्या मालाची गॅरंटी नसते, हे मी घेतानाच विचारायला हवं होतं, आणि काका, आता डीव्हीडी पाहतं कोण. पावती मागितली नव्हती ही माझी चूक. बदल्यात दुसऱ्या कुठल्याशा सिनेमाची डीव्हीडी देऊ केली, ती मी घेतली नाही. दुकानाचं नाव लिहीत नाही. पण बर्डीवर जुन्या तबकड्या घेणार असाल तर उजेडाकडे धरून, तिरकी करून पाहा. ओरखडा दिसतो. मला चष्मा लावायचा कंटाळा आला होता.

शेवटी भाच्याच्या जुन्या कॉम्प्युटरवर लावली. तो धाडसी निघाला, ओरखड्यावरून उडी मारून पुढे गेला. उडीत नेमकी गोळी गेली. आम्ही पाहिलं तोवर लेन्स्की पडलेला होता. गोळी कशी सुटते हे मला अजून ठाऊक नाही, आणि आईला वाटतं ते मुद्दामच दाखवलेलं नाही.

यानंतर येतो पोलोनेझ. हे संगीत तुम्ही कुठे ना कुठे ऐकलं असेल, तुताऱ्यांनी सुरू होणारं, छाती काढून चालणारं. त्यावर राजवाड्यातला नाच असतो. कार्सननं इथे नाच ठेवलेलाच नाही. पडदा न पाडता, द्वंद्वयुद्धाला लागूनच, नोकर येतात आणि या संगीतावर ओनेगिनचे कपडे बदलतात. तो नुसता उभा राहतो. माणूस मारून आलेल्या अंगावर नवे कपडे चढतात, बटणं लागतात आणि साहेब समारंभाला तयार. मध्ये काही वर्षं जातात ती एवढ्यातच. ही नाचासाठी थांबली होती, ती नाराज झाली. मी मात्र हा तुकडा मागे नेऊन तीनदा पाहिला. मित्र मेल्यावर माणूस काय करतो? कपडे बदलतो आणि ऑफिसला जातो. आमच्या डब्यातला एक सहकारी ड्यूटीवर असतानाच वारला तेव्हा पुढच्या स्टेशनवर त्याची पोती आम्हीच उतरवली होती.

प्रिन्स ग्रेमिनचं एकच गाणं. सेर्गेई अलेक्साश्किनचा आवाज विहिरीतून यावा असा. प्रेमाला वयाचं बंधन नाही, तात्यानानं माझ्या आयुष्यात ऊन आणलं. पाच-सहा मिनिटांचं गाणं, मग त्याला काम नाही. "हाच एक बरा माणूस आहे यात," ही म्हणाली. तेच चायकॉव्स्कीचं म्हणणं असावं, नाहीतर इतकी भारदस्त चाल त्याला दिली नसती.

आणि मग ओनेगिनला कळतं की आपण प्रेमात पडलो. ते तो कोणत्या चालीवर गातो? तात्यानानं पत्र लिहायला बसताना जी म्हटली होती त्याच. आईनं ओळखली. मी नाही, आईनं. "हे तं पोरीचं गाणं आहे," म्हणाली, "यानं कुठून घेतलं?"

शेवटचा प्रवेश दोघांचाच. तो पायाशी येतो, ती रडते, म्हणते की अजून प्रेम आहे, खोटं कशाला बोलू, पण मी दुसऱ्याला दिली गेले आहे आणि त्याच्याशीच एकनिष्ठ राहीन. फ्लेमिंग इथे पत्राच्या रात्रीपेक्षाही चांगली आहे. तेव्हा ती मुलगी होण्याचा प्रयत्न करत होती, इथे प्रयत्न करावा लागत नाही. ती जाते. ओनेगिन एकटा ओरडतो, लाज, तळमळ, काय हे माझं नशीब, आणि झटकन सगळं संपतं. ह्वोरोस्तोव्हस्की २०१७ मध्ये लंडनमध्ये मेंदूच्या गाठीनं गेला, पंचावन्नाव्या वर्षी. हे मला आधी माहीत होतं. सांगितलं मी नंतर.

खरेदीच्या दृष्टीनं म्हणाल तर: चित्र स्वच्छ, आवाज उत्तम, फक्त आपला कूलर बंद ठेवा आणि शक्य असेल तर डिसेंबरात पाहा. वाद्यवृंदाचा कंडक्टर व्हालेरी गेर्गिएव्ह. वाद्यवृंद कधी कधी गवयांच्या अंगावर येतो, पण पत्राच्या रात्री तो जे सांभाळतो त्यासाठी माफ. कॅमेरा ब्रायन लार्जचा. तो चेहऱ्यावर थांबायला घाबरत नाही, मात्र सगळा रंगमंच एकदम दिसावा असं वाटतं तेव्हाही चेहऱ्यावरच थांबतो. पानांचा तो सडा मला आणखी थोडा लांबून पाहायचा होता. माझा एक रुसवा ऑपेरावरच आहे. पुश्किनच्या काव्यात ओनेगिन शेवटी तात्यानाला पत्र लिहितो. उत्तर नाही. दुसरं, तिसरं. उत्तर नाही. चायकॉव्स्कीनं हे पत्रांचं प्रकरण गाण्यात घेतलं नाही. घेतलं असतं तर टपाल खात्याच्या वतीनं हिशेब पुरा झाला असता.

दोन दिवसांनी दुपारी मी पडलो होतो. आई येऊन शेजारी बसली आणि म्हणाली, "त्या पोरीचं पत्र त्यानं फाडून टाकलं का रे?"

मी उठलो, कपाटातून पुश्किन काढला. पानं पिवळी पडलीत, कडेचे तुकडे पडतात. आठव्या प्रकरणात सापडलं. ओनेगिन तिला समारंभात ओळखतो तिथे एक ओळ आहे: तीच ही, जिचं पत्र तो अजून जपून आहे. मी आईला वाचून दाखवलं.

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "ठेवाचंच होतं तं मंग तवाच धड उत्तर द्याले का झालं होतं?" आणि उठता उठता, "कूलरमधलं पाणी संपलं आहे, टाक."